सोडायला आणि आणायला

बसा. कट्ट्यावर, खुर्चीत, उभ्या केलेल्या गाडीत, जिथं असाल तिथं. घरातलं मूल खेळत असेल आणि त्याचा हंगाम चालू असेल, तर बसायला वेळ कुठला, हे मला ठाऊक आहे. तरी एवढा वेळ काढा. आज सामन्याचा विचार करायचा नाही. सामन्यापायी घराचं काय काय होतं, त्याचा करायचा. घाई नाही. एखाद्या गोष्टीपाशी मन थांबलं तर थांबू द्या, पुढचं वाचायचं राहिलं तरी चालेल.

आधी एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. डिसेंबरातला रविवार. हुबळीचं देशपांडे नगर अजून अंधारात आहे. एका घरात स्वयंपाकघराचा दिवा लागला आहे. उपीटाची फोडणी तडतडते आहे. डब्यात चपात्या आणि शेंगाचटणी भरली जाते आहे, बाजूला दोन केळी, पाण्याच्या दोन बाटल्या. चौदा वर्षांखालच्या मुलांचा सामना राजनगरच्या मैदानावर आहे, आणि सातच्या आत पोहोचायचं आहे. अज्जी देवापाशी बसली आहे. आतल्या खोलीत ताई पुस्तक उघडून बसली आहे. तिची यंदा दहावी. बाबा स्कूटर फाटकाबाहेर काढताहेत. मुलगा पांढऱ्या कपड्यांत उंबऱ्यापाशी बसून बुटाची नाडी बांधतो आहे, सोडतो आहे, पुन्हा बांधतो आहे.

या घरातलं एकेक माणूस सावकाश पाहा.

आईला आठवड्यातली हीच एक सकाळ झोपायला मिळाली असती. बाबांच्या डोक्यात कार्यालयातलं अर्धं राहिलेलं काम आहे, आणि नव्या पॅडच्या जोडीला लागलेले पैसे आहेत. अज्जीला लेग स्पिन कळत नाही, पण पोराच्या पोटात आज गोळा आला आहे हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं आहे. ताई दाराच्या फटीतून भावाला बघते आहे. तिच्या सराव परीक्षेविषयी आज कुणी काही विचारलेलं नाही. ताईला इथं जरा थांबू द्या. आपण तिच्यापाशी पुन्हा येऊ.

आता स्वतःला त्या चित्रात शोधा. तुम्ही कुठं उभे आहात? आणि नाडी बांधणाऱ्या पोराला काहीतरी सांगायला तुमचं तोंड उघडलंय का? "डोकं खाली ठेव", "बॉल शेवटपर्यंत बघ", "गेल्या वेळी काय झालं ते आठवतं ना?" ते वाक्य ओठांवर येऊ द्या आणि तिथंच ठेवा. ते कोणासाठी होतं, एवढंच पाहा.

मला या मननात एकच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. खेळणाऱ्या मुलाच्या घराला दोन कामं असतात: सोडायला जायचं आणि आणायला जायचं. मधला वेळ मुलाचा. ऐकायला हे सोपं आहे, निभवायला फार कठीण, कारण प्रेम करणाऱ्या माणसाला मधल्या वेळातही शिरावंसं वाटतं.

आधी सोडायला जाण्याविषयी.

या भागात मुलांना शिकायला सोडणं ही जुनी गोष्ट आहे, आणि त्यात आगगाडीचा वाटा मोठा आहे. क्रिकेटपटू सुनील जोशी गदगचे. 1970 चा जन्म. किशोरवयात ते पहाटे उठून गदगहून हुबळीला सरावासाठी येत आणि शाळेच्या वेळेपर्यंत गदगला परत जात. ही एका बाजूची वाटच साठेक किलोमीटरची. पुढे 26 सप्टेंबर 1999 रोजी नैरोबीत त्यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 10 षटकं टाकली, त्यांतली 6 निर्धाव, आणि फक्त 6 धावा देऊन 5 बळी घेतले. हे आकडे सगळ्यांना आठवतात. तुम्ही मात्र आज नैरोबीला जाऊ नका. गदगच्या घरातल्या त्या पहाटेपाशी थांबा. त्या वेळी कुणीतरी उठत असणार, कुणीतरी चहा टाकत असणार, आणि दार लावून घेतल्यावर घर पुन्हा झोपत तरी असेल का? तेव्हा नैरोबी कुणाला दिसत नव्हती. दिसत होता तो फक्त एक शाळकरी मुलगा आणि गाडीची वेळ. अशा हजार पहाटा वाया जातील की कामी येतील हे माहीत नसताना घर उठत राहतं. हे उठणं मला फार मोठं वाटतं. त्याचा धावफलक कुठं नसतो.

दुसरं एक पोहोचवणं डोंबिवलीचं. अजिंक्य रहाणे यांनी लहानपणाविषयी सांगितलं आहे. रिक्षा परवडत नव्हती, म्हणून आई एका हातानं धाकट्या बाळाला घेऊन आणि दुसऱ्या हातात किटबॅग धरून त्यांच्याबरोबर कित्येक किलोमीटर चालत सरावाला यायची. पुढे लोकलनं जायची वेळ आली. पहिल्या दिवशी वडील बरोबर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोंबिवली स्थानकावर मुलाला सोडलं आणि एकट्यानं जायला सांगितलं. मुलगा गाडीत चढला. वडील त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्यात चढले होते, पोराला एकट्यानं जाता येतं का ते बघायला. मुलाला ते पुढे कळलं.

त्या दुसऱ्या डब्यात जरा वेळ बसा.

गर्दी आहे. स्थानकं जाताहेत. मुलगा दिसत नाही, पण त्याच गाडीत आहे. धावत जाऊन त्याचा हात धरावा असं प्रत्येक स्थानकावर वाटतं. धरायचा नाही. तो उतरेपर्यंत बसून राहायचं, उतरला की दुरून पाहायचं, आणि मग आपल्या कामाला जायचं. काळजी तेवढीच आहे, फक्त एक डबा अंतरावर. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे अंतर आज किती आहे? हात धरण्याइतकं? एका डब्याइतकं? की इतकं लांब, की गाडीच वेगळी झाली आहे? उत्तर मनात ठेवा, कुणाला सांगायचं नाही.

देशपांडे नगरातल्या माणसांना आणखी एक घर माहीत आहे, 'गंगालहरी'. गायिका गंगूबाई हनगल यांचं. क्रिकेटशी त्याचा संबंध नाही, पण सोडण्या-आणण्याशी आहे. 1928 मध्ये हे कुटुंब मुलीच्या गाण्यासाठी हुबळीला आलं. आई अंबाबाई स्वतः कर्नाटक संगीतातल्या जाणत्या गायिका. लेकीचा ओढा हिंदुस्थानी गाण्याकडे. आपल्या गाण्याची सावली तिच्या गळ्यावर पडू नये म्हणून अंबाबाईंनी स्वतःचं गाणं बंद केलं. 1932 मध्ये त्या गेल्या. पुढे गंगूबाई सवाई गंधर्वांकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनं जात, आणि संध्याकाळी त्यांना स्थानकापर्यंत सोडायला गुरुगृहीचा एक धाकटा शिष्य येई. त्याचं नाव भीमसेन जोशी.

अंबाबाईंपाशी मला दर वेळी थांबावंसं वाटतं. ज्यांना स्वतःला खेळता येत होतं अशा आईवडिलांसाठी ही गोष्ट आहे. कॉलेजच्या संघातून खेळलेले बाबा, विद्यापीठाच्या संघातून खोखो खेळलेली आई. मैदानाच्या दोरीबाहेरून सगळ्यांत जास्त आवाज त्यांचाच येतो, कारण त्यांना कळत असतं. प्रशिक्षक मुलाला कन्नडमधून एक सांगतात, वडील मराठीतून दुसरं ओरडतात, आणि क्रीजवरचं बारा वर्षांचं पोर दोन्हीकडे बघतं. आपल्याला येत असलेलं गप्प ठेवणं ही फार मोठी देणगी आहे, असं मी मानतो. अंबाबाईंनी आपल्या कलेचा मान कमी केला नाही; लेकीच्या गळ्याला जागा करून दिली. तुम्हाला येत असलेली एखादी गोष्ट आठवा, जी तुम्ही मुलाला शिकवायला उतावीळ आहात. श्वास घ्या. ती तुमच्यापाशीच राहू द्या. त्यानं विचारली तर भरभरून द्या.

आता बॅटकडे या. हंगामाच्या आधी घरात नवी बॅट आली असेल, तर घरभर एक आवाज असतो. कच्चं जवसाचं तेल पुसून, सुकवून, लाकडी मोगरीनं बॅटचा चेहरा आणि कडा ठोकायच्या. आधी हळू, मग जोर वाढवत. एका रात्रीत होत नाही, अनेक रात्री मिळून काही तास लागतात. घाई केली तर पहिल्याच कडक चेंडूला कड फुटते. धारवाडकडच्या घरात जवस परकं नाही. अगशीची चटणी भाकरीबरोबर रोजची. त्याच बियांचं तेल मुलाच्या बोटांना लागतं आणि खोलीभर वास राहतो. टक, टक, टक. शेजारी समजून घेतात. ताई कानात बोटं घालते. पुष्कळ घरांत हे काम बाबा करतात, मुलाला परीक्षा असते म्हणून, किंवा त्याला नीट जमत नाही म्हणून. माझं मत आहे की ते मुलालाच करू द्यावं, वाकडंतिकडं झालं तरी. ज्या हातांनी ते लाकूड ठोकलं, त्या हातांना चेंडू बॅटच्या मधोमध लागला की कडेला, हे आवाजावरून कळायला लागतं. तो आवाज आत्ता कानात आणा. मोगरी कुणाच्या हातात आहे ते पाहा.

मग मैदान. सामना सुरू झाला आहे. हुबळीच्या काळ्या मातीची धूळ सकाळच्या उन्हात दिसते. झाडाखाली पालकांचा घोळका, थर्मासातला चहा. विभागाच्या निवडीचं बोलणं चालू आहे: धारवाड विभागाचा संघ, मग राज्याचा, मग सोळा वर्षांखालच्यांचा विजय मर्चंट करंडक. शिडीच्या एवढ्या पायऱ्या त्या झाडाखाली रोज चढल्या जातात, आणि चढणारे पालक असतात. तुमचं मूल तिसऱ्या चेंडूवर बाद होतं. शून्य. ते मान खाली घालून परत येतं, ग्लोव्हज काढतं, आणि एकदा, फक्त एकदा, घोळक्याकडे बघतं.

इथं थांबा. हा क्षण सबंध हंगामातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत महागाचा आहे. त्याला तुमच्या चेहऱ्यावर काय दिसलं? चेहरा शब्दांच्या आधी बोलतो, आणि मुलं तो वाचण्यात तरबेज असतात. हसू आणायची गरज नाही, खोटं हसू तर नकोच. पण मनात एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवा: हे मूल एकही धाव न काढता माझ्याकडे आलं, तर मला ते पाहून बरं वाटेल का? उत्तर हो असेल, तर ते चेहऱ्यावर आपोआप येईल. उत्तर अडखळलं, तर त्या अडखळण्यापाशी बसा. त्याचं मूळ बहुधा मुलात सापडत नाही, आपल्या एखाद्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या हंगामात सापडतं.

आणायला जाण्याविषयी एक गोष्ट याच मुलखातली आहे. तेच भीमसेन लहानपणी गदगला होते. भजनाच्या, वाजंत्रीच्या मागे जात जात ते हरवायचे, दमून कुठंही झोपायचे. वडील गुरुराज जोशी शाळामास्तर. शोधून, पोलिसांपर्यंत जाऊन दमल्यावर त्यांनी पोराच्या सदऱ्यांवर लिहून टाकलं की हा जोशी मास्तरांचा मुलगा. म्हणजे जिथं सापडेल तिथून कुणीतरी घरी आणून सोडेल. पुढे अकराव्या वर्षी मुलगा गुरूच्या शोधात घर सोडून गेला, आणि वडिलांनी त्याला अखेर जालंधरला गाठून परत आणलं.

आजच्या मुलांच्या जर्सीवर पाठीमागे नाव असतं, नंबर असतो, आणि मूल ते मिरवतं. मिरवू द्या. पण त्या सदऱ्यावरचं वाक्य मनात घोळवून पाहा. त्यात मुलाच्या गाण्याविषयी काही नव्हतं. तो कसा गातो, पुढे काय होणार, काही नाही. फक्त हा कुणाचा, आणि कुठं परत न्यायचा, एवढंच. तुमच्या मुलाच्या पाठीवर, कुणालाही न दिसणाऱ्या अक्षरांत, आज काय लिहिलं आहे? तुमच्या हातचं?

शरीराविषयीही थोडं, कारण प्रेमाच्या भरात तेच विसरतं. अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या घरांत क्रिकेटऐवजी बेसबॉलचा हंगाम असतो, वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत. लिटल लीग नावाची मुलांच्या बेसबॉलची संस्था पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी 1939 मध्ये सुरू केली. तिथं 11-12 वर्षांच्या मुलानं एका दिवसात 85 पेक्षा जास्त चेंडू फेकायचे नाहीत असा नियम आहे, आणि 66 किंवा अधिक फेकले तर पुढचे चार दिवस फेकणं बंद. कोपर आणि खांदा वाढीच्या वयात कच्चे असतात म्हणून. तिथले पालक बाकावर बसून चेंडू मोजतात. आपल्याकडे सामन्यातली षटकं मोजली जातात. सकाळी नेट्समध्ये, दुपारी शाळेच्या मैदानात आणि संध्याकाळी गल्लीत टाकलेले चेंडू कुणी मोजत नाही. वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजांना कंबरेच्या मणक्यात स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, ते असं न मोजलेल्या ओझ्यानं. टाचदुखी तर आठ ते चौदा वयात खेळणाऱ्या मुलांमध्ये नेहमीची. मूल निवडीच्या भीतीनं दुखणं लपवतं. रात्री अंथरूण घालताना त्याची चाल पाहा. वाकताना कंबर धरतं का? जिना उतरताना टाच टेकवत नाही का? हे पाहणं प्रशिक्षकाच्या हातात नाही, तो रात्री तुमच्या घरी नसतो. आणि दिसलं तर ताबडतोब डॉक्टरांकडे न्या, निवड चाचणी दोन दिवसांवर असली तरी.

आता परतीची वाट. स्कूटर चालू आहे. पुढे बाबा, मागे मुलगा, मध्ये किटबॅग. वाटेत गिरमिट आणि मिर्ची भज्यांच्या गाड्या लागायला लागल्या आहेत. मागून काही आवाज येत नाही. या शांततेत बाबांना कसंतरी होतं. तिसऱ्या चेंडूविषयी बोलावंसं वाटतं. बोलू नये. थोडा वेळ फक्त चाकांचा आवाज ऐका, मागच्या वजनाची जाणीव ठेवा. हे वजन काही वर्षांनी या स्कूटरवर नसेल, ते स्वतःची गाडी घेऊन जाईल. मग एकदम मागून येईल, "बाबा, भजी खाऊ या?" थांबा. खा. चेंडूचा विषय त्यानं काढला तर ऐका. नाही काढला तर भज्यांविषयी बोला. हरलेल्या दिवशीही त्याला भूक लागते, आणि ती भूक भागवणं हे तुमचं काम आहे.

घर आलं. आई त्याचे कपडे घेते: गुडघ्यावर काळी माती, मांडीवर चेंडू घासून आलेला लाल डाग. काळी माती सुकू देऊन झटकावी लागते, ओल्यात चोळली तर आत बसते. कपडे भिजवायला मुलानंच बादली भरावी. अज्जी विचारते, "जेवलास का?" सबंध दिवसात त्याला विचारलेला हा बहुधा सर्वांत बरा प्रश्न.

आणि ताई. आपण तिच्याकडे परत येणार होतो. तिच्या खोलीचं दार उघडा, मनातल्या मनात. ती सकाळपासून तिथंच आहे. भावाच्या सामन्यापायी तिची सहल गेली, तिला शांतता मिळाली नाही, आईची सकाळही तिच्या वाट्याला आली नाही. तिनं तक्रार केली नाही, म्हणून तिची तक्रार नाही असं नाही. हंगाम एकाचा असतो, पण तो सगळ्या घराच्या वेळेतून कापून काढलेला असतो, आणि सगळ्यांत मोठा तुकडा बहुधा न खेळणाऱ्या भावंडाचा जातो. तिच्याशेजारी बसा. तिच्या पुस्तकाचं पान कुठलं आहे ते पाहा. आज तिच्यासाठी घरातलं कोण कुठं सोडायला गेलं, कोण आणायला गेलं, हे तिला विचारू नका, स्वतःला विचारा.

हे वाचून झाल्यावर लगेच उठू नका, थोडं बसून राहा. मग या आठवड्यात दोन गोष्टी करा. मैदानावरून घरी येताना मूल बोलेपर्यंत सामन्याविषयी अवाक्षर काढू नका. आणि त्याच संध्याकाळी, टीव्ही बंद करून, घरी राहिलेल्या मुलीला तिचा दिवस कसा गेला ते विचारा, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.